मास्तरांची तीन पावलं

१

मास्तर पडले ते सकाळी सव्वानऊला, बावीस प्रवाशांच्या डोळ्यांदेखत. आणि बाविसांनीही एकच सांगितलं, की त्यांना कुणी हातसुद्धा लावला नाही.

नदीकाठच्या त्या तीर्थाच्या गावात देवळांवर देवळं चढत जातात आणि सगळ्यांच्या वर एक दगडी सज्जा आहे. तिथून काय दिसत नाही ते विचारा. खाली उतरत गेलेल्या दोनशे पायऱ्या, कळसांची रांग, नावांची दाटी, नदीचं वळण आणि पलीकडची पांढरी वाळू. गावात आलेला प्रवासी तो सज्जा न बघता परत जात नाही. गाईड लोक जाऊच देत नाहीत.

मास्तर तीस वर्षं गाईड होते. निम्म्या गाईडांना त्यांनीच शिकवलं, म्हणून ते मास्तर. आता गाईडाचं चालणं उलटं असतं, हे तुम्ही कधी पाहिलं असेल. तोंड प्रवाशांकडे, पाठ वाटेकडे. कुठली पायरी झिजली आहे, कुठं उंबरा आहे, हे त्याच्या टाचांना पाठ असतं. सज्ज्यावर आलं की मास्तर हात जोडून म्हणायचे, "एवढा वेळ माझंच तोंड बघितलंत, मंडळी. आता मला सोडा आणि माझ्या मागे बघा." असं म्हणत तीन पावलं मागे जायचे, वळूनही न बघता, आणि दोन्ही कोपरं कठड्यावर टेकवून ऐटीत उभे राहायचे. तीस वर्षं तेच वाक्य आणि तीच तीन पावलं.

त्या दिवशी तिसरं पाऊल पडलं, कोपरं टेकली, आणि लोखंडी कठडा मास्तरांना घेऊनच गेला. खाली चाळीस फुटांवर दगडी पायऱ्या होत्या.

पोलीस चौकीतल्या साहेबांनी तीन दिवसांत कागद आवरते घेतले. कठडा आठवड्यापूर्वीच नवा बसवला होता, म्हणजे वेल्डरचा निष्काळजीपणा, म्हणजे अपघात. गावानं हळहळ केली आणि गाव कामाला लागलं.

लागली नाही ती ताई. मास्तरांची थोरली बहीण. पायऱ्यांच्या तळाशी नंबरांची खिडकी आहे, तिथं ती तेवीस वर्षं बसते. गाईडांना पाळीचा नंबर तिच्याकडून मिळतो आणि सज्ज्याच्या दाराची किल्लीही. आई गेली तेव्हा ताई सोळा वर्षांची होती आणि भाऊ सहा. तिनंच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत घातलं, त्याच्यापायी स्वतःचं लग्न राहून गेलं तरी कुरकुरली नाही. बाकी ताईनं कुणाला माफ केल्याचं गावात कुणाच्या स्मरणात नव्हतं. शेजारणीनं एकदा न विचारता तिची बादली नेली, त्याला एकोणीस वर्षं झाली. त्या बाजूची खिडकी ताई अजून उघडत नाही. बादलीसाठी एकोणीस वर्षं, तर भावासाठी किती, ते तुम्हीच मोजा.

चौथ्या दिवशी ती खिडकीत येऊन बसली तर समोर वेल्डर उभा. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. त्यानं फडक्यात बांधलेलं काहीतरी खिडकीच्या फळीवर ठेवलं.

"ताई, मला फासावर द्या. पण आधी हे बघा."

२

फडक्यात चार बोल्ट होते. बोटभर लांबीचे, टोकाला हिरवा रंग लागलेले.

"मेल्या, याच बोल्टांनी माझा भाऊ नेला ना?" ताई म्हणाली.

"तेच सांगतोय. यातला एक तरी तुटलाय का बघा. वाकलाय का?"

ताईनं एकेक उचलून पाहिला. चारही धडधाकट होते.

"कठडा दगडाला याच चार बोल्टांवर धरलेला," वेल्डर म्हणाला. "प्रत्येकाला एक नट. नट आवळले, आणि मग वरून रंग दिला. आदल्या संध्याकाळी, सज्जा बंद व्हायच्या वेळी, दुसरा हात मारायला मी स्वतः गेलो होतो. मास्तर माझ्याशेजारी उभे होते. कठडा गदागदा हलवून म्हणाले, आता हत्ती टेकला तरी हलायचा नाही."

"मग?"

"आता टोकं बघा. नटाच्या बाहेर जेवढं टोक राहतं, त्यावर रंग बसतो. तो रंग आट्या-आट्यांमधून खरवडून निघालाय. नट पान्यानं फिरवत त्या टोकावरून बाहेर काढला तरच असा निघतो. आणि नट कुठायत? मी खालच्या पायऱ्या गुडघ्यांवर रांगत शोधल्या. एक नाही. चार नट आपोआप गळाले असते तर एक तरी सापडला असता की नाही?"

 ताईच्या हातातला बोल्ट मुठीत घट्ट झाला.

"साहेबांना दाखवलंस?"

"ते म्हणाले, चोराच्या हातचा पुरावा. आत टाकतो तुला."

वेल्डर गेला आणि ताई हिशेबाला बसली. आदल्या संध्याकाळी कठडा पक्का होता. मग सज्ज्याला कुलूप लागलं आणि किल्ली ताईकडे आली. ती रात्री तिच्या उशाखाली असते; ती चोरायची तर आधी ताईला उचलावं लागेल, आणि ते काम चौघांचं आहे. सकाळी सातला तिनं किल्ली पहिल्या पाळीच्या गाईडाला दिली. साडेसातला फोटोवाला वर गेला; त्याची टपरी सज्ज्यावरच असते. सव्वानऊला मास्तर वर पोचले.

म्हणजे जे काही झालं ते सात ते सव्वानऊ या वेळात, आणि तेवढ्या वेळात वर दोनच गावकरी होते. एक फोटोवाला. आणि दुसरा, पहिल्या पाळीचा गाईड, तो तर रोज ताईच्या हातचं जेवत होता.

३

त्याला सगळे पोपट म्हणायचे. तीस वर्षांचा गडी. अठराव्या वर्षी मास्तरांनी त्याला हाताशी धरलं आणि त्यानं मास्तरांचं अख्खं बोलणं असं पाठ केलं, की मास्तर जिथं खोकायचे तिथं हाही खोकायचा. प्रवासी हसायचे. मास्तर कौतुकानं म्हणायचे, माझ्यामागे माझा खोकला तरी राहील.

मास्तरांना पायऱ्यांवरून उचलून आणणाराही तोच. त्याचा रक्तानं भरलेला सदरा ताईनं स्वतःच्या हातानं धुतला होता.

दुपारी तो जेवायला आला तेव्हा ताईनं वाढता वाढता विचारलं, "त्या दिवशी तुझी पाळी किती वाजता संपली रे?"

"साडेआठला. वीस माणसं होती." पोपटानं घास खाली ठेवला. "का हो, ताई?"

तिनं बोल्टांचं सांगितलं. पोपट पाटावरून अर्धा उठला.

"पण मी टेकलो होतो की! मास्तरांसारखाच. तीन पावलं मागे, कोपरं कठड्यावर. ती तीन पावलं मला झोपेतसुद्धा येतात, तुम्हाला माहितीये. कठडा जागचा हलला नाही."

"म्हणजे साडेआठपर्यंत नट होते."

"असणारच. नाहीतर आज माझा फोटो लागला असता भिंतीवर." त्यानं ताट जरा पुढे सरकवलं. मग नाइलाजानं बोलल्यासारखा म्हणाला, "मी उतरलो तेव्हा वर फक्त फोटोवाला होता. मी कुणावर आळ घेत नाही, ताई. पण चार दिवस आधी त्याचं आणि मास्तरांचं कडाक्याचं वाजलं होतं. तो म्हणाला होता, माझ्या पोटावर पाय देताय, बघून घेईन."

हे भांडण ताईलाही ठाऊक होतं. अख्ख्या पायऱ्यांनी ऐकलं होतं.

"रडू नकोस," ती म्हणाली, कारण पोपटाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "भात घे. रडायची पाळी आता त्याची आहे."

पोपट डोळे पुसत म्हणाला, "काय करणार आहात?"

"आधी विचारणार. नीट सांगितलं नाही तर त्याच कठड्याच्या जागी उभं करून खाली बघायला लावणार."

आणि अठ्ठावन्न वर्षांची ती बाई, गुडघ्यांची कुरकुर न ऐकता, दोनशे पायऱ्या चढायला निघाली.

४

फोटोवाला टपरीतल्या दोऱ्यांवर फोटो अडकवत होता. ताईला धापा टाकत येताना बघून तो स्टूल पुढे करायला गेला, तर ताईनं ते पायानं सरकवलं.

"नट कुठं टाकलेस?"

"कसले नट?"

"माझ्या भावाच्या जिवाचे! साडेआठ ते सव्वानऊ तू इथं एकटा होतास. बघून घेईन म्हणाला होतास ना? घेतलंस बघून?"

फोटोवाल्यानं आ वासला. मग तोही भडकला. "मास्तर प्रवाशांना सांगायचे, फोटो मनात काढा, मन फुकट असतं. मी चिडणार नाही तर काय आरती ओवाळणार? चिडलो, बोललो, दुसऱ्या दिवशी दोघं इथंच बसून चहा प्यायलो! आणि नट मी उघडणार? अहो, माझ्या तिपाईचा स्क्रू अडकला तर बायकोला हाक मारतो मी. सगळ्या गल्लीला माहीत आहे."

हे मात्र खरं होतं. गल्लीच काय, पलीकडच्या काठालाही माहीत होतं.

"मग कोण? पोपट साडेआठला उतरला तेव्हा कठडा पक्का होता. तो टेकला होता."

"कोण टेकला होता?" फोटोवाला थांबला. "त्या दिवशी? छे! त्याच्या त्या फोटोपायी तर माझं नुकसान झालं. बसा, दाखवतो."

त्यानं आधी भिंतीकडे बोट केलं. पोपटाच्या जुन्या गटांचे पंधरा-वीस फोटो तिथं होते. सगळ्यांत मागे नदी, मागे कठडा, आणि कठड्यावर कोपरं टेकून मास्तरांच्याच ऐटीत उभा असलेला पोपट. मग खोक्यातून त्यानं एक फोटो काढला आणि ताईच्या हातात दिला.

"हा त्या सकाळचा. एकानंही घेतला नाही. का घेईल? बघा की, नदीच नाही यात!"

वीस माणसं सज्ज्याच्या आतल्या भिंतीला पाठ लावून दाटीवाटीनं उभी होती. मागे नुसता शेवाळलेला दगड. आणि त्यांच्यासमोर, दोन्ही हात आडवे पसरून, जणू कुणी पुढे जाऊ नये म्हणून, पोपट.

"मी ओरडलो, अरे, कठड्याशी ने त्यांना! तर म्हणाला, डोळ्यांवर ऊन येतं. तिथूनच त्यांना नदी दाखवली आणि घेऊन गेला."

ताईनं मान वर करून सज्ज्याकडे पाहिलं. सज्ज्याचं तोंड मावळतीला. सकाळी आठला सूर्य देवळाच्या पाठीमागे असतो. दुपारपर्यंत इथं उन्हाचा कवडसासुद्धा पडत नाही. हे तिला माहीत होतं, फोटोवाल्याला माहीत होतं, आणि बारा वर्षं इथं रोज येणाऱ्या पोपटाला तर नक्कीच माहीत होतं.

त्याच्या पुढ्यात थोड्या वेळापूर्वी तिनं भात वाढला होता.  तिनं फोटो डोळ्यांजवळ धरून पुन्हा एकदा बघितला. फोटोतला पोपट सरळ कॅमेऱ्यात बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर भीती अजिबात नव्हती.

५

पण का? ज्यानं भाकरी दिली, विद्या दिली, त्याच्यावर हा का उलटला?

का ते ताईला ठाऊक होतं. बारा वर्षं तिनं ते मनाच्या तळाशी दाबून ठेवलं होतं, एवढंच.

घरी येऊन तिनं भावाची पेटी उघडली. तळाशी मास्तरांची वही होती, त्यांच्या सगळ्या बोलण्याची. देवळांची पानं, सज्ज्याची पानं, नावेतल्या फेरीची पानं. पोपट यावरूनच शिकला होता. पाठ झालेल्या प्रत्येक ओळीपुढे त्याची पेन्सिलीची बारीक खूण होती. नावेच्या पानावर एक ओळ मास्तरांनी लाल शाईनं खोडली होती आणि पुढे तारीख घातली होती. खोडलेली ओळ वाचता येत होती: 'आता सगळे उजव्या बाजूला या, पाण्यात कळस दिसतो.' तिच्यापुढे खूण नव्हती. तिथं पेन्सिल इतकी दाबून टेकवली होती, की कागदाला भोक पडलं होतं.

तारीख होती नाव उलटली त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

बारा वर्षांपूर्वी नावेत मास्तर बोलत होते आणि पोपटाचा बाप वल्हं मारत होता. मास्तर म्हणाले, उजव्या बाजूला या. सगळे एकदम आले आणि नाव पालथी झाली. दोन प्रवासी बुडाले. बाकीचे घाबरलेले, परक्या बोलीचे, दुसऱ्याच दिवशी आपापल्या गावी निघून गेले. चौकशीत प्रश्न उरला, चूक कुणाची? मास्तरांचा बिल्ला जायचा, कदाचित तुरुंगही. तेव्हा खिडकीतल्या ताईनं साक्ष दिली. एकच वाक्य. "सकाळी नावाडी खिडकीशी आला तेव्हा त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता."

तो माणूस सुपारीसुद्धा खात नव्हता.

त्याची नाव गेली, नाव ठेवणारी तोंडं मात्र राहिली. तीन वर्षांत तो झुरून मेला. मास्तरांचं मन त्यांना खात असावं, म्हणून त्यांनी त्याच्या पोराला जवळ केलं. आणि ताईनं? ताईनं त्याला जेवायला वाढलं आणि वाटलं, फिटलं.

आता ती वही मांडीवर घेऊन बसली. फोटो दाखवला तर पोपट म्हणेल, ऊन नाही, सावलीत थंडी होती म्हणून भिंतीशी थांबलो. साहेब विचारतील, याला मारायचं कारण काय? आणि पोपट सोडला तर ते कारण गावात जिवंत असलेल्या एकाच माणसाला माहीत होतं. ते सांगायचं तर मेलेल्या भावाचं नाव मातीत जाणार, आणि तिचं स्वतःचंही. नाही सांगायचं तर पोपट उद्या सज्ज्यावर उभा राहून भावाचं वाक्य म्हणणार, भावाचा खोकला खोकणार.

ताईनं वही पदराखाली घेतली आणि तशीच चौकीवर गेली.

६

साहेबांनी पोपटाला बोलावून घेतलं. तो आला, नमस्कार केला, खुर्चीवर बसला. फोटो बघून म्हणाला, "हो, भिंतीशी होतो. ताईंना मी टेकलो म्हणालो, ते चुकून. रोजची सवय, साहेब. रोज टेकतो, त्या दिवशीही टेकलो असं वाटलं."

साहेब ताईकडे वळले. "बघा, हे असं आहे. फोटोत माणसं भिंतीशी उभी आहेत, यावर मी कुणाला खुनी ठरवू? ज्यानं याला वाढवलं त्याचा जीव हा का घेईल? कारण सांगा, ताई."

पोपटही ताईकडे बघत होता. आणि तेव्हा ताईला दिसलं, की तो घाबरलेला नाही. तो वाट बघतोय.

तिच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. नट त्यानं सातला दार उघडताच, फोटोवाला यायच्या आधी काढले असणार. पण उघडायला असा किती वेळ लागतो? तीन मिनिटं. गट खाली पाठवून, फोटोवाला टपरीत वळला की मागे राहून उघडता आले असते. मग कुणाला भिंतीशी उभं करायला नको, खोटं ऊन नको, फोटोत पुरावा नको. एवढा हुशार पोरगा इतका गाढवपणा करेल? त्यानं कॅमेऱ्यात बघितलं होतं. फोटोवाल्याकडे तिला पाठवणाराही तोच. तो फोटो तिच्या हातात पडावा, म्हणूनच काढून घेतला होता.

"तू मुद्दाम ठेवलास," ती म्हणाली.

"काय, ताई?"

"मला कळावं म्हणून. माझ्या एकटीला."

पोपट खुर्चीत मागे टेकला. "साहेब कारण विचारतायत, ताई. माहीत असेल तर सांगा. नसेल तर मी जातो, चारची पाळी आहे."

काय डाव टाकला होता मेल्यानं! गप्प बसली तर भाऊ फुकट गेला. बोलली तर त्याच्या बापाचं नाव धुऊन निघालं. दोन्हीकडून तोच जिंकत होता. रक्ताच्या माणसासाठी जी बाई खोटं बोलली, ती खरं बोलेल तेही रक्ताच्या माणसासाठीच, हे त्यानं बारा वर्षं तिच्या पानावर बसून बरोबर हेरलं होतं.

ताईनं पदराखालची वही टेबलावर आपटली.

"लिहून घ्या, साहेब. बारा वर्षांपूर्वी इथंच बसून मी खोटं बोलले होते."

तिनं सगळं सांगितलं. लाल शाईची ओळ दाखवली. साहेब लिहीत होते आणि पोपट डोळे मिटून ऐकत होता. सांगून झालं तेव्हा त्यानं खिशातून रुमाल काढला आणि उलगडला. त्यात हिरवा रंग लागलेले चार नट होते.

"सही कुठं करायची ती करतो," तो म्हणाला. "एकच मागणं आहे. ताईंनी हे आत्ता, माझ्यादेखत, माझ्या आईला सांगायचं. नाहीतर मी तोंड उघडणार नाही; हे नट वाटेत सापडले म्हणेन, आणि अपघात म्हणून कागद मिटवल्याबद्दल तुम्हीच अडचणीत याल, साहेब. ती एक गोष्ट झाली, की पुढचं सगळं मी घडाघडा बोलतो."

७

पोपटाची आई खालच्या गल्लीत एका खोलीत राहायची. दाराशी शिवणयंत्र, त्यावर अर्धवट उशीचा अभ्रा. साहेबांची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. साहेब, पोपट आणि ताई दारात येऊन उभे राहिले, तशी ती चष्मा वर करून बघू लागली.

ताईनं उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं. "तुमच्या यजमानांच्या तोंडाला वास येतो, अशी साक्ष मी दिली होती. येत नव्हता. कधीच नव्हता. नाव माझ्या भावाच्या बोलण्यानं उलटली. त्याला वाचवायला मी खोटं बोलले."

बाईनं यंत्राचं चाक हातानं थांबवलं.

"येत नव्हता?"

"नाही."

"मी रोज हुंगायची हो," ती म्हणाली. "दारातून आत आले, की आधी त्यांचं तोंड हुंगायची. मरेपर्यंत. म्हटलं, पोलिसांत लिहिलंय, सगळी गल्ली म्हणते, तर असेल. ते रागावले नाहीत एकदाही. नुसते उभे राहायचे, माझं हुंगून होईपर्यंत."

"आई, ऐकलंस ना?" पोपटाचा आवाज फुटला. त्याचा चेहरा लहान मुलासारखा उजळला होता. "बाबा खरे होते."

तिनं मान हलवली. मग ताईकडे बघून विचारलं, "आणि बारा वर्षांनी आजच कशी बुद्धी सुचली तुम्हाला?"

पोपटानं एकदम ताईकडे पाहिलं. नट, फोटो, ऊन, सगळ्याचा त्यानं विचार केला होता. आई हा प्रश्न विचारेल, याचा केला नव्हता. आईला तो आपण होऊन सांगणार होता, कधीतरी, सावकाश, तुरुंगाच्या जाळीतून.

"ताई, नको," तो पुटपुटला. "पाया पडतो. आत्ता नको."

सहा वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन शाळेत पोचवणारी, त्याचं फुटलेलं डोकं मांडीवर घेऊन पायऱ्यांवर बसलेली ताई क्षणभरच थांबली. ती दयेनं थांबली नव्हती. त्याची ती विनवणी तिला पुरती ऐकायची होती.

"कारण तुमच्या मुलानं माझ्या भावाला मारलं," ती म्हणाली. "कठड्याचे नट काढून ठेवले आणि त्याला चाळीस फूट खाली पाडलं. चार दिवस माझ्या घरी येऊन रडला, जेवला."

बाई उठली. पोपटासमोर येऊन उभी राहिली.

"खरं?"

"बाबांसाठी, आई."

"त्यांच्यासाठी?" तिचा आवाज चढला नाही. "त्या दिवशी दहा माणसं काढली त्यांनी नदीतून. सगळ्यांत आधी तुझ्या मास्तरला काढलं, त्याला पोहता येत नव्हतं म्हणून. त्यांनी ज्याला वर काढलं त्याला तू खाली टाकलंस, आणि वर त्यांचंच नाव सांगतोस?"

"आई..."

तिनं आधी पोराकडे पाहिलं, मग ताईकडे, आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातली. थोड्या वेळानं यंत्राचा आवाज पुन्हा सुरू झाला.

पोपट दाराला कपाळ लावून उभा राहिला. हाका मारत होता, थापा मारत होता. जेवताना गळणाऱ्या खोट्या आसवांसारखं हे नव्हतं. त्याचं सगळं अंग हादरत होतं. यंत्र थांबलं नाही. साहेबांनी शेवटी त्याच्या दंडाला धरून त्याला सोडवलं.

आता लोक सांगतात, सूड घेऊन माणसाला समाधान मिळत नाही. कुणाला मिळत नसेल. ताईला मिळालं. त्याला तसं रडताना ती डोळे भरून बघत होती आणि तिला बरं वाटत होतं, पोटभर जेवून उठल्यासारखं बरं. खोटं कशाला सांगा? एक खोटं तिला आधीच पुरेसं झालं होतं.

गाडीशी आल्यावर साहेबांनी घसा खाकरला. "तुम्हालाही यावं लागेल, ताई. खोट्या साक्षीचा गुन्हा आहे, तोही लिहून घ्यायला हवा."

"चला," ताई म्हणाली.

गाडीत पुढे साहेब आणि ड्रायव्हर बसले. मागे एकच जागा उरली होती, पोपटाच्या शेजारची. ताईनं पदर सावरला आणि ती तिथं जाऊन बसली.